पँटच्या पायातून गार केलेला कॉम्प्युटर

ही गोष्ट मी लोकांना पुष्कळदा सांगितली आहे, पण पूर्ण कधीच सांगितलेली नाही. लग्नाच्या पंगतीत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, नातवंडांसमोर मी तिचा हसण्यासारखा भाग रंगवून सांगतो आणि माझी लाज जिथून सुरू होते तिथे प्यायला पाणी मागतो. वीस-बावीस वर्षं असंच चाललं. आता अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे. एका चांगल्या कारागिराच्या हाताला माझ्यामुळे बट्टा लागला आणि तो अजून पुसलेला नाही, म्हणून आज सगळं लिहून काढतो.

मी डोणगावला राहायचो आणि जवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. माझे मित्र म्हणजे बाजारगल्लीतले रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. मूळचे जानेफळचे, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला सर. त्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की मान वर न करता म्हणायचे, "जय भीम सर. कोणता पेशंट आणला?" रेडिओचं मागचं झाकण उघडण्याआधी ते त्याची खरखर ऐकायचे, आणि बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा तेवढ्यावरच सांगायचे.

शतक बदलायच्या आसपासची ही गोष्ट. मेहकरला कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि आम्हा दोघांनाही ते खूळ लागलं. तयार मशीन घ्यायची नाही, सुटे भाग आणून आपण जोडायची, असं भाऊंनी ठरवलं. भाग अकोल्याहून आणले. येताना एसटीत मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळं बसवतात ती मोठी पाटी, भाऊंच्या मांडीवर होती. कंडक्टरने विचारलं, "काय हाये हो त्याच्यात?"

"नवी नवरी हाये साहेब," भाऊ म्हणाले. "ड्रायव्हरले सांगा, खड्डे पाहून घे."

माझ्या घरी, पुढच्या खोलीत, दोन रविवार खपून त्यांनी मशीन जोडली. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू. तो तापतो, म्हणून त्याच्यावर अॅल्युमिनियमची पाती असलेला ठोकळा आणि वर छोटा पंखा बसवतात. मेंदू आणि ठोकळा यांच्या मध्ये एक पेस्ट लावावी लागते, नाहीतर उष्णता वर चढत नाही. दुकानदार ती द्यायला विसरला होता. भाऊ हसले. टीव्हीतल्या ट्रान्झिस्टरला लावायची पांढरी पेस्ट त्यांच्याकडे कायमच असायची. ब्लेडच्या टोकावर घेऊन त्यांनी ती लावली, बाळाच्या गालाला तीट लावावी तेवढीच. "जास्त झाली तं गोधडी होते सर. कमी झाली तं चटका बसते." मशीन पहिल्या बटणाला सुरू झाली आणि आमच्या सौभाग्यवतींनी दोघांच्या हातावर साखर ठेवली.

इथपर्यंत थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण भाऊंना एक युक्ती कळली होती. मदरबोर्डवर दोन काड्यांवर बसवलेली प्लास्टिकची इवलीशी टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती उचलून शेजारच्या काड्यांवर बसवली की तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर साडेचारशेच्या वेगाने धावू लागतो. धावतो आणि तापतो. हिवाळ्यात आम्ही हा प्रयोग केला. मी एक ते दहा लाखांमधल्या मूळ संख्या शोधणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. तीनशेवर त्याला तीन मिनिटं लागायची, साडेचारशेवर दोन. त्या एका मिनिटाचा मला काय आनंद झाला, आज सांगताही येत नाही. पुढे त्या वाचलेल्या मिनिटात मी काही करत होतो असं नाही. पुन्हा तोच प्रोग्राम लावून बसायचो.

थंडीत प्रोसेसरचं तापमान चव्वेचाळीसच्या आसपास राहायचं. ते पडद्यावर पाहता यायचं. होळी झाली आणि आकडा चढायला लागला. एप्रिलात साठ. मे महिन्यात सदुसष्टला पोचला की पडदा जागच्या जागी गोठायचा. आमच्याकडे मेच्या दुपारी पंख्याची हवाही अंगाला चटका देते, तिथे त्या बिचाऱ्या ठोकळ्याने गार व्हावं तरी कशाने?

मग सुरू झाले उपाय. आधी कॅबिनेटची एक बाजू काढली. दोन दिवसांनी आत पाल बसलेली सापडली. मग टेबलफॅन लावला, तेव्हा शाळेच्या उत्तरपत्रिका घरभर उडाल्या. भाऊंनी एका मोडक्या अॅम्प्लिफायरचा भलामोठा ठोकळा कापून, घासून प्रोसेसरवर बसवला, त्याने चार अंश उतरले. मी दिवसातून दहा वेळा आत हात घालून ठोकळ्याला हाताची पाठ लावायचो.

"लेकरं तापानं फणफणली तवा इतक्या वेळा हात लावून पाह्यलं नाई तुमी," सौभाग्यवती म्हणाल्या.

एकदा मी खिडकीला ओलं पोतं टांगलं. भाऊंनी आल्या आल्या ते काढून अंगणात फेकलं.

"काऊन भाऊ?"

"पाण्याची अन् करंटची सोयरीक जमत नाई सर. तापली तं बंद पडंन, उद्या पुन्हा चालू होईन. भिजली तं गेली."

पोत्याची आणि पालीची गोष्ट मी पंगतीत सांगतो. लोक हसतात. पुढची सांगत नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शाळेने सहा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. शहरातल्या एका दुकानाचा माणूस गुळगुळीत कागदावरची चित्रं दाखवून गेला. मी संस्थेच्या अध्यक्षांना म्हणालो, "आपल्या गावात माणूस आहे की. माझी मशीन त्यांनीच जोडली."

"रेडिओवाल्याच्या हातचे कॉम्प्युटर?" अध्यक्ष म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "ठीक आहे. तुमची ती मशीन शाळेत आणा. सगळ्यांसमोर बारा ते चार चालवून दाखवा. भर उन्हात बंद पडली नाही, तर काम त्यांचं."

भाऊंना ही बातमी सांगितली तेव्हा ते बराच वेळ हातातला स्क्रू फिरवत राहिले. रेडिओ आता कोणी दुरुस्तीला आणत नव्हतं. टीव्हीही नवे असे यायचे की उघडायची गरज पडू नये. सहा मशीन शाळेत उभ्या राहिल्या असत्या तर सगळ्या तालुक्याने पाहिल्या असत्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पेंटरकडून दुकानाची पाटी नवी रंगवायला घेतली आणि 'रेडिओ, टीव्ही' या शब्दांपुढे जागा मोकळी ठेवायला सांगितली.

त्यानंतर त्यांना पुतणीच्या लग्नासाठी दहा दिवस जानेफळला जायचं होतं. जाण्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने जंपर परत तीनशेवर बसवला.

"सर, तीनशेवरच राहू द्या. तीनशेवर हे मशीन मे महिना हसत काढते. आपल्याले त्या दिवशी पळायचं नाई, फक्त उभं राहाचं हाये."

"अहो, मी हातसुद्धा लावत नाही," मी म्हणालो.

दोन दिवस मी शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी आमचे पी.टी.चे मास्तर आले. ते माझे शाळूसोबती, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे. मी त्यांच्यासमोर दोन मिनिटांची फुशारकी फार मारली होती, म्हणून ते शाळेचं स्टॉपवॉच घेऊनच आले. मशीन तीनशेवर होती. प्रोग्रामला पुरी तीन मिनिटं लागली.

"काऊन बे," ते म्हणाले, "हेच का तुयं रॉकेट? याच्यापेक्षा आमचा पाचवीतला पोट्टा लवकर पाढे म्हणते."

मी म्हणालो, "उद्या ये. मग बोल."

ते गेल्याबरोबर मी जंपर साडेचारशेवर नेला. मिनिटभरात पडदा गोठला. बाहेर उन्हाच्या झळा, आत मी घामाघूम. आणि माझ्या पाठीमागे खिडकीत आमचा पत्र्याचा कूलर वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून गार, सुवासिक हवा सोडत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. मग दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या जुन्या टेरिकॉटच्या पँटकडे पाहिलं.

सांगायला संकोच वाटतो, पण त्या कामाइतकी मजा मला आयुष्यात थोड्याच कामांत आली. पँटचा एक पाय मांडीपासून कापला. रुंद तोंड कूलरच्या जाळीला सुतळीने बांधलं. अरुंद तोंड कॅबिनेटच्या उघड्या बाजूला पुठ्ठ्याची चौकट करून बसवलं. कूलर सुरू केला आणि तो पाय टम्म फुगला, जणू आत कोणी माणूस उभा आहे. दहा मिनिटांनी पडद्यावर आकडा पाहिला. त्रेचाळीस! मे महिन्यात!

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थबकल्या. "कूलर माणसासाठी आणला का त्या डब्ब्यासाठी?" मग पँटकडे पाहून म्हणाल्या, "अन् दुसऱ्या पायाचं काय करता?"

दुसऱ्या दिवशी पी.टी. मास्तर आले तेव्हा मी त्या सगळ्यावर चादर टाकून ठेवली होती. स्टॉपवॉच दोन मिनिटांवर थांबलं. त्यांनी टाचा जुळवून मला सलाम ठोकला. त्या सलामासाठीच मी ते सगळं केलं होतं, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. खरं तर त्याच क्षणी पँट सोडून जंपर जागेवर नेता आला असता. पण त्रेचाळीस हा आकडा मला सोडवेना. पुढचे पाच दिवस मशीन साडेचारशेवर, पँटच्या पायासकट चालत राहिली.

आमच्या भागातलं पाणी जड. सुलतानपूर-लोणारकडे ते आणखी जड. कूलरच्या ताट्यांवर महिन्याभरात पांढरी खपली धरते, नळाच्या तोंडाशी क्षार साचतात. मी दरवर्षी सातवीच्या वर्गात शिकवायचो की पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. फळ्यावर आकृतीही काढायचो. पण कूलरच्या हवेबरोबर बारीक तुषार उडतात, ते गरम पाटीवर पडले की पाणी उडून क्षार तिथेच राहतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि मी त्याला आत घेतलं नाही? आज खात्रीने सांगता येत नाही.

शाळेत मशीन दाखवायची त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. आत डोकावलो तर सगळ्या पाटीवर पांढरी भुकटी, जशी जुन्या भिंतीला फुटते. प्रोसेसरच्या आसपासच्या काही भागांच्या धातूच्या पायांना हिरवट गंज चढलेला.

भाऊ दुपारी यायचे होते. त्या तीन-चार तासांत मी काय केलं ते आधी लिहितो, कारण तेच लपवत आलो आहे. जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन मी पाटीचा कोपरान् कोपरा घासला. हिरवट पाय सुईने खरवडले. जंपर तीनशेवर नेला. पँटचा पाय सोडून तो बंबात घातला. इतकी सफाई मी प्रयोगशाळेत कधी केली नव्हती. सौभाग्यवती दाराशी उभ्या राहून पाहत होत्या.

"सांगून टाका न त्यायले," त्या म्हणाल्या. "ते काई तुमाले खात नाईत."

"आधी चालू होते का पाहू," मी म्हणालो. ती चालू झाली नाही.

भाऊ आले ते लग्नातली बुंदी घेऊन, अंगावर नवा शर्ट. मशीन मेलेली पाहून त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि संध्याकाळपर्यंत जमिनीवरून उठले नाहीत. प्रत्येक भाग काढून पाहिला, पुसला, परत लावला. एकदाच त्यांनी मला विचारलं, "सर, काई केलं तं नाई न?"

"नाही," मी म्हणालो. तोवर अजून वेळ गेलेली नव्हती. माझं म्हणणं पुरं व्हायच्या आतच त्यांनी मान खाली घालून पुन्हा कामाला हात घातला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्याने माझं काम सोपं झालं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. मी म्हणालो होतो, तुम्ही आजारी असल्याचं कळवू, पुढची तारीख मागू. ते म्हणाले, "खोटं कायले बोलाचं सर?" शिक्षकांच्या खोलीत अध्यक्ष, मुख्याध्यापक, पी.टी. मास्तर, सगळे जमले होते. भाऊंनी उभं राहून सांगितलं की मशीन बंद पडली आहे आणि बिघाड सापडलेला नाही.

"कशाने झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रोसेसर बसवताना, पेस्ट लावताना माहाच हात चुकला असंन साहेब. दुसरं काई दिसत नाई."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही विज्ञानाचे. तुम्ही काही छेडछाड नव्हती ना केली?"

खोलीत पंखा फिरत होता. पी.टी. मास्तर माझ्याकडे पाहत होते. त्यांना साडेचारशेचं माहीत होतं, पण ते माझ्याकडून ऐकायची वाट पाहत राहिले.

"नाही," मी म्हणालो. "मी हातसुद्धा लावला नाही."

मी तेव्हा पँटची गोष्ट सांगितली असती तर सगळे पोट धरून हसले असते, मला महिनाभर चिडवलं असतं आणि भाऊंना आणखी आठ दिवस मिळाले असते. माझ्यासारख्या मास्तराची चूक गावात गंमत म्हणून खपते. भाऊंची चूक मात्र लोकांनी अशी चटकन मान्य केली, जणू ते तिचीच वाट पाहत होते. अध्यक्षांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. हे मला त्याच वेळी दिसलं होतं. दिसूनही मी गप्प बसलो.

काम शहरातल्या दुकानाला गेलं. दुकानाच्या पाटीवरच्या मोकळ्या जागेत पेंटरने 'मिक्सर, पंखे' असं लिहिलं. भाऊ रागावले नाहीत, रुसले नाहीत. महिन्याभरात त्यांनी कुठून तरी दुसरा मदरबोर्ड आणून माझी मशीन उभी करून दिली. ती तीनशेवर सात वर्षं चालली. पण दुसऱ्या कोणाची मशीन त्यांनी पुन्हा जोडली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आपला हात रेडिओचा हाये बाप्पा. तिथंच बरा." मेलेला मदरबोर्ड त्यांनी दुकानात, कामाच्या टेबलासमोर खिळ्याला टांगला. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? ते सांगायचे, "माही चूक हाये. रोज पाह्यतो, म्हणजे हात जाग्यावर राह्यते."

मी त्या दुकानात वर्षानुवर्षं चहा प्यालो, त्या मदरबोर्डसमोर बसून. दर वेळी घरी आलो की सौभाग्यवती विचारायच्या, "सांगतलं?" मी म्हणायचो, दुकानात गर्दी होती. एकदा खरोखरच सगळं जुळवून गेलो, तर भाऊ एका पंख्याशी झटापट करत होते आणि तो सुटून माझ्या पांढऱ्या शर्टावर ग्रीस उडालं. आम्ही दोघं इतके हसलो की ते बोलणं राहून गेलं. हसणं थांबल्यावर बोलता आलं असतं. मी चहा मागवला.

पी.टी. मास्तरांनी त्या दिवसानंतर मला कधी 'बे' म्हटलं नाही. एवढंच त्यांनी केलं.

पुढे भाऊंनी दुकान बंद केलं आणि जानेफळला परत गेले. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना भेटायला गेलो. थकले होते, पण बोलणं तसंच. अंगणात खाटेवर बसून आम्ही नवरीसारखा मांडीवर आणलेला मदरबोर्ड, पाल, ओलं पोतं, सगळं आठवून हसलो. त्यांची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी म्हणालो, "भाऊ, त्या बंद पडलेल्या मशीनचं मला तुम्हाला..."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोडा न सर. चुकते माणूस. माह्यामुळे तुमाले शाळेत मान खाली घालावी लागली, ते मले लय दिवस लागून राह्यलं होतं. कधीचं म्हणाचं होतं, आज म्हणून टाकतो. माफ करा मले."

त्यांनी माझी माफी मागितली. मी तिथे बसून ती ऐकून घेतली. मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं असेल, मी माफ केलं. मेहकरची गाडी निघायची वेळ झाली होती. ते वाकत वाकत फाट्यापर्यंत सोडायला आले आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. मी ठरवलं, दिवाळीनंतर येऊन सगळं सांगायचं. दिवाळीआधीच ते गेले.

म्हणून इथे लिहितो, भाऊ. पेस्ट बरोबर होती. हात बरोबर होता. तुमच्या माघारी मी मशीन कूलरला जोडली, ती माझ्या हाताने खराब झाली, ते मी पुसून टाकलं आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो. माफी मी मागायची होती.